चढावर स्कूटी मान टाकते, रोलर बदलले तरी पुन्हा तेच: पुलीतल्या वजनाचं गणित आणि खरं दुखणं

मांजरसुंब्याच्या घाटात डबल सीट स्कूटी चाळीसवरून तीसवर, तीसवरून पंचवीसवर येते. रेस पूर्ण पिळलेली असते, पण इंजिनचा आवाज चढत नाही, उलट बसत जातो. गॅरेजवाला किक कव्हर खोलतो, पुलीतले सहा रोलर (छोटे वजनदार गोल तुकडे) बदलतो आणि गाडी काही दिवस झकास पळते. मग पुन्हा तेच रडगाणं. बीड, अंबाजोगाई, कन्नड, खुलताबाद, जिथं रोजच्या वाटेवर चढ आहे तिथं ही तक्रार ठरलेली. त्यावरचे सल्लेही ठरलेले: एकजण सांगतो हलके रोलर टाक, दुसरा सांगतो भारी टाक म्हणजे ॲव्हरेज वाढेल, आणि वाळूजला कुणाच्या तरी ओळखीचा लेथवाला असतोच, तो म्हणतो पुलीच घासून हलकी करून देतो.

तिन्ही सल्ल्यांत वजन आहे, पण ते एकाच प्रकारचं नाही. रोलरचं वजन हे गिअर कधी बदलायचा ते ठरवतं. पुलीचं स्वतःचं वजन त्या कामात नसतंच. आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या या दुखण्यात बहुतेक वेळा दोष वजनाचा नसतोच, वजन ज्याच्यावर सरकतं त्याचा असतो. पैसे आणि गाडी दोन्ही वाचवायचे असतील तर हे तीन मुद्दे वेगवेगळे ठेवून तपासा.

आत काय चालतं

गिअरलेस गाडीत क्रँकच्या टोकावर पुढची पुली बसते. तिच्या दोन चकत्या: बाहेरची, पंख्याच्या पात्या असलेली चकती जागची हलत नाही, आतली चकती बुशवर, म्हणजे मधल्या नळीवर, सरकते. आतल्या चकतीच्या पाठीला उतरते खाचे असतात, त्यांना रॅम्प म्हणू. प्रत्येक खाच्यात एक रोलर, आणि मागून एक झाकणपट्टी. इंजिन फिरलं की रोलर बाहेरच्या बाजूला पळतात, पण पट्टीमुळं त्यांना जागा कमी पडते, म्हणून ते चकतीला पुढं ढकलतात. दोन चकत्यांमधली फट कमी झाली की पट्टा वर चढतो. मागच्या पुलीत एक जाड स्प्रिंग असते, ती उलट दिशेनं दाबत असते. पुढं पट्टा वर चढला की मागं तो खाली उतरतो. गाडी हळूहळू वरच्या गिअरला गेली, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणजे सगळा खेळ रस्सीखेचीचा. पुढून रोलर ओढतात, मागून स्प्रिंग ओढते. मागं आणखी एक खेळाडू आहे, त्याच्याकडं फार कुणी बघत नाही: टॉर्क कॅम. मागच्या सरकत्या चकतीच्या नळीत तिरप्या खाचा असतात आणि त्यात पिना बसतात. चाकावर लोड आला, म्हणजे चढ लागला किंवा मागं माणूस बसलं, की या तिरप्या खाचांमुळं मागची चकती आपोआप आवळली जाते, पट्टा मागं वर चढतो, पुढं खाली येतो. गाडी स्वतःहून खालचा गिअर घेते. चढावर मान टाकणाऱ्या गाड्यांत हा भाग सुकलेला, गंजलेला किंवा काळ्या चिकट मातीनं जाम झालेला असतो, हे मला वारंवार दिसतं. रोलर बदलणारा मात्र मागची पुली उघडतच नाही, कारण ती उघडायला स्प्रिंग दाबून धरायची आणि मोठा नट काढायची कटकट असते.

रोलरवर किती जोर येतो याचा अंदाज घ्या. 5500 आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे), मध्यापासून तीन सेंटिमीटरवर असलेला 15 ग्रॅमचा रोलर जवळपास 15 किलो वजनाएवढ्या जोरानं बाहेर रेटतो. सहा मिळून 90 किलो. एवढ्या दाबाखाली तो दिवसभर पुढं मागं सरकतो, बाहेर नायलॉनचं कवच, आत धातूची नळी. त्यात रस्त्याची बारीक धूळ गेली की कवच घासतं आणि गोल रोलरला एक सपाट बाजू येते. सपाट झालेला रोलर लोळत नाही, फरपटतो, आणि जिथं फरपटतो तिथंच रॅम्पवर खड्डा पाडतो.

चढावर नेमकं काय होतं

थोडं गणित करू. 110 सीसीच्या चालू पिढीतल्या गाड्यांचा टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर, साधारण 8 ते 9 न्यूटन-मीटर असतो, तो पाच-साडेपाच हजार आरपीएमच्या आसपास मिळतो, आणि पूर्ण ताकद त्याहून वर, साडेसात-आठ हजाराला. किलोवॅटमध्ये ताकद काढायची असेल तर टॉर्कला आरपीएमनं गुणा आणि 9550 नं भागा. 8.8 ला 5250 नं गुणून भागलं तर 4.8 किलोवॅट. पट्टा, क्लच, मागचे गिअर यांत पाव भाग खर्च होतो असं धरा. चाकावर 3.6 उरले.

आता गाडी 107 किलोची, वर दोन माणसं 140 किलोची, आणि चढ शंभर मीटरला सहा मीटरचा. ताशी 40 नं चढायला चढ, टायर आणि वारा यांचा विरोध मिळून सुमारे 2.7 किलोवॅट लागतात. इंजिन पाच हजाराच्या वर असेल तर गाडी आरामात चढते, हातात थोडी ताकद शिल्लकही राहते. पण तेच इंजिन जर 4000 वर अडकलं, तर टॉर्क आठच्या आसपास धरला तरी हाती 3.3 किलोवॅट येतात, आणि चाकापर्यंत 2.5. 0.2 किलोवॅट कमी पडले. वेग उतरायला लागतो, वेग उतरला की आरपीएम आणखी खाली, आरपीएम खाली गेला की ताकद आणखी कमी. घाटात गाडी हळूहळू मरत जाते ती अशी. इंजिन ठीक आहे, पेट्रोल ठीक आहे, प्लग नवा आहे, तरी मरते, कारण तिला वर फिरू दिलं जात नाही. चौथ्या गिअरमध्ये चढ चढवायला लावलेल्या मोटारसायकलसारखी तिची गत होते, फरक इतकाच की इथं गिअर पाडायला तुमच्याकडं पायाखाली काही नसतं.

ट्रिपल सीटवाल्यांनी हिशोब स्वतः करावा. तिघांचं वजन धरलं तर त्याच चढाला चाकावर सव्वातीन किलोवॅटच्या वर लागतात. म्हणजे सगळं अगदी जुळून आलं तरी कसाबसा तोल. कायदा बाजूला ठेवा, रोलरला दोष देऊ नका.

एक वेगळीच गोष्ट उन्हाळ्याची. बीड, संभाजीनगर, अंबाजोगाईची उंची समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर आहे. शंभर मीटरला एक टक्का या ढोबळ हिशोबानं इंजिन तिथंच पाच-सहा टक्के कमी पडतं. मे महिन्यात पारा 42-43 वर गेला की हवा विरळ होते आणि आणखी पाच-सहा टक्के जातात. म्हणजे डिसेंबरातल्या थंड सकाळी जी गाडी घाट चढते तीच मे महिन्याच्या दुपारी दमलेली असते. तक्रार फक्त एप्रिल-मेच्या दुपारचीच असेल तर आधी हे लक्षात घ्या. पावसाळ्यातही तशीच राहिली तर पुढं वाचा.

आवाज ऐका, मग पाना हातात घ्या

गाडी स्टँडवर लावून रेस करू नका, त्यातून काही कळत नाही. चाकावर लोड नसताना सगळ्याच गाड्या बऱ्या वाटतात. रिकाम्या, सपाट, सरळ रस्त्यावर थांबलेल्या गाडीची रेस एका दमात पूर्ण पिळा. चांगल्या गाडीत इंजिनचा आवाज पटकन एका पट्टीला चढतो आणि तिथंच धरून राहतो. गाडीचा वेग वाढत जातो, आवाज मात्र जवळजवळ तोच. पंचावन्न-साठच्या पुढं गेल्यावर आवाज पुन्हा वाढायला लागतो, कारण आता वर चढायला पुलीत जागा उरली नाही. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा साधा आरपीएम मीटर मिळतो, तो असेल तर उत्तमच, नाहीतर कान पुरतात.

आवाज सुरुवातीपासूनच बसका, घुमणारा असेल, गाडी वेग घेते पण आळसावून, तर एक तर रोलर भारी आहेत, किंवा टॉर्क कॅम जाम आहे, किंवा मागची स्प्रिंग मेली आहे. यातलं कुठलं, ते चढावर कळतं. सपाटीवर बरी पण चढ लागल्यावर आवाज अजिबात न वाढता वेग पडत गेला तर बोट टॉर्क कॅमकडं. चढ लागण्याआधीच रेस सोडून पुन्हा पिळली आणि गाडी उसळली तर संशय पक्का, कारण त्या क्षणी कॅमवरचा दाब सुटतो आणि अडकलेली चकती हलते.

आवाज खूप चढतो पण गाडी पुढं सरकत नाही, असं सुरुवातीलाच होत असेल तर क्लच शू (क्लचचे घासून पकडणारे तुकडे) किंवा तेलकट, चकाकलेला पट्टा. पंधरा-वीसच्या वेगाला गाडी थरथरते ती तक्रार सुद्धा क्लचची, रोलरची नाही. ती घेऊन आलेल्यांना सर्रास नवे रोलर बसवले जातात हे दुर्दैव.

तीस ते पंचेचाळीसच्या मधे एक ठिकाण असं की तिथं गाडी अडखळते, मग धक्का देऊन पुढं जाते, आणि दर वेळी त्याच आकड्यावर: हे मात्र नक्की रोलरचं किंवा रॅम्पवरच्या खड्ड्याचं. आणि साठला इंजिन किंचाळतंय पण काटा पुढं जात नाही, तर पट्टा पूर्ण वर चढत नाही. कारण रोलर फार हलके, किंवा पट्टा घासून अरुंद झालेला. अरुंद पट्टा दोन्हीकडून मारतो: वेगात पुढच्या पुलीत पूर्ण वर येत नाही, म्हणून टॉप स्पीड जातो, आणि निघताना मागच्या पुलीत कडेपर्यंत पोचत नाही, म्हणून पिकअप जातो. पुस्तिकेत पट्ट्याच्या रुंदीची मर्यादा दिलेली असते, व्हर्निअर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावा आणि मोजा. नुसतं बघून "अजून चालेल" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

पट्टा कुठं अडतोय हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक जुनी युक्ती आहे. किक कव्हर काढा, स्थिर चकतीच्या आतल्या उतारावर मार्करनं मध्यापासून कडेपर्यंत एक रेघ मारा, कव्हर लावा, पूर्ण रेसवर एक फेरी मारून या. इंजिन बंद करून, निवल्यावर पुन्हा उघडा. पट्टा जिथपर्यंत चढला तिथपर्यंत रेघ पुसलेली असेल. कडेला जवळजवळ पोचली असेल तर वरचा गिअर पूर्ण मिळतोय, रोलर हलके नाहीत. कडेपासून बराच भाग कोरा राहिला तर कारण आत आहे.

पुन्हा पुन्हा का येतं

इथं जरा वेळ देतो, कारण खरा प्रश्न हाच आहे.

पहिलं कारण माती. आमच्याकडची काळी माती सुकली की पिठासारखी उडते, ओली झाली की डांबरासारखी चिकटते. पुलीच्या पात्या पट्टा थंड ठेवायला बाहेरची हवा आत ओढतात. बऱ्याच गाड्यांत त्या वाटेवर फोमचा किंवा जाळीचा फिल्टर असतो. तो फाटलेला, हरवलेला किंवा आधीच्या मेकॅनिकनं "काही गरज नाही" म्हणून फेकून दिलेला असतो. उसाच्या हंगामात माजलगाव किंवा लातूरकडच्या शेतरस्त्यानं रोज जाणाऱ्या गाडीचं कव्हर उघडलं तर आत मूठभर काळी पूड सापडते: थोडी माती, थोडा पट्ट्याचा चुरा. या पुडीत नवे रोलर बसवले तर ते किती दिवस गोल राहणार? रोलर बदलण्याआधी सगळा डबा ब्रशनं आणि हवेनं साफ झाला पाहिजे, तोंडाला रुमाल बांधून. पाण्यानं धुऊ नका, आणि पुलीच्या उतारांवर डिझेल किंवा रॉकेल तर नकोच नको. त्याचा अंश राहिला तरी पट्टा घसरतो.

दुसरं कारण रॅम्प आणि स्लाइड पीस. मागच्या झाकणपट्टीच्या तीन टोकांना प्लॅस्टिकचे तीन छोटे तुकडे असतात, त्यांना दुकानात स्लाइड पीस म्हणतात. किंमत किरकोळ. ते झिजले की पट्टी डगमगते, रोलर तिरपे चालतात, आणि नवा रोलर लवकर सपाट होतो. गाडी उभी असताना, रेस न करता, पुढच्या बाजूनं खडखड येत असेल तर तेच. रोलर घेताना स्लाइड पीस सोबत घ्या, हा माझा हट्ट आहे. आता रॅम्प: जुने रोलर काढल्यावर खाच्यातून नखाचं टोक वरून खाली फिरवा. नख अडकलं तर तिथं खड्डा आहे. त्या खड्ड्यात नवा रोलरही येऊन बसणार आणि अडखळणं परत सुरू होणार. पॉलिश पेपरनं घासून काही होत नाही, उतार बदलतो. सरकती चकतीच बदलावी लागते. "आठ-पंधरा दिवस चांगली चालली" या वाक्यामागं बहुतेक हाच खड्डा असतो. नवा गोल रोलर काही दिवस खड्ड्यावरून उडी मारतो, मग जरा झिजला की त्यात पडतो.

तिसरं कारण बुश. सरकती चकती ज्या नळीवर सरकते तिथं खेळ आला असेल तर चकती तिरपी होऊन अडकते. बुशवर चकती बसवा आणि हातानं हलवून बघा. ग्रीस लावायचं की नाही, यावर गॅरेजात भांडणं होतात. पुस्तिकेत ज्या जागी ग्रीस सांगितलं आहे तिथंच आणि तेवढंच लावा. बहुतेक गाड्यांत रोलर कोरडेच चालतात. त्यांना ग्रीस फासलं की ते धूळ धरून ठेवतं आणि पॉलिशिंगची पेस्ट तयार होते. मागच्या टॉर्क कॅमच्या खाचांना मात्र उष्णता सहन करणारं ग्रीस थोडंसं हवं, आणि तिथले ओ-रिंग, सील फाटलेले नकोत, नाहीतर तेच ग्रीस उडून क्लचवर जातं.

चौथं कारण बसवताना होतं आणि यात पुलीच खराब होते. पट्टा मागच्या पुलीत खाली ढकलून ठेवलेला नसेल, तर पुढं तो ताणलेला आणि वर चढलेला असतो. अशा वेळी बाहेरची चकती लावून नट आवळला, तर चकती बुशवर न टेकता पट्ट्यावर टेकते. नट घट्ट लागल्यासारखा वाटतो. पट्टा दबून खाली बसला की तोच नट सैल होतो, चकती क्रँकच्या दातांवर खेळायला लागते आणि दात खातात. मग क्रँकचं काम निघतं, खर्च दहापट. म्हणून मागची पुली हातानं फाकवून पट्टा खोल घालायचा, पुढं तो सैल लोंबला पाहिजे, आणि नट आवळताना चकती थेट बुशला टेकली आहे याची डोळ्यांनी खात्री करायची. नट आवळल्यावर पट्टा पुढं बोटानं हलत असला पाहिजे. पुलीच्या पात्यांत स्क्रू-ड्रायव्हर अडकवून नट काढणं बंद करा. पाती तुटली की तोलही जातो आणि हवाही. पुली होल्डर आणि योग्य मापाचा गोटी पाना, एवढं तरी असावं. नट किती आवळायचा तो आकडा पुस्तिकेतून घ्या आणि टॉर्क पाना वापरा.

आता वजन बदलायचंच असेल तर

सगळं साफ, पट्टा मापात, रॅम्प गुळगुळीत, टॉर्क कॅम मोकळा, आणि तरीही रोजची वाट औट्रम घाटासारखी किंवा दौलताबादहून खुलताबादकडं चढणाऱ्या रस्त्यासारखी असेल आणि मागं कायम माणूस असेल, तर थोडे हलके रोलर हा रास्त उपाय आहे. किती हलके, ते अंदाजानं नको. रोलरचा जोर वजनाच्या प्रमाणात आणि आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून मागच्या स्प्रिंगला हरवायला लागणारा आरपीएम वजनाच्या वर्गमुळाच्या उलट जातो. सहा रोलर 15 ग्रॅमचे, एकूण 90. ते 13 ग्रॅमचे केले, एकूण 78. नव्वद भागिले अठ्ठ्याहत्तर, त्याचं वर्गमूळ 1.07. म्हणजे इंजिन जिथं 5000 वर गिअर धरत होतं तिथं आता साधारण 5370 वर धरेल. 12 ग्रॅमला 5600 च्या आसपास. वजन दहा टक्के कमी केलं तर आरपीएम पाच टक्के वाढतो, एवढं लक्षात ठेवा म्हणजे दुकानात उभं राहूनही हिशोब जमतो.

या वाढलेल्या आरपीएमची किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते, कारण सपाटीवर, निवांत जातानाही इंजिन तेवढंच जास्त फिरतं. जिल्हा परिषदेच्या शाळेवर रोज ये-जा करणाऱ्या एका गुरुजींनी विचारलं होतं, "दादा, पिकअप पण वाढव आणि ॲव्हरेज पण." रोलरनं ते होत नाही. एक वाढलं की दुसरं कमी होतं. कंपनीनं निवडलेलं वजन हा त्यातला मधला तोडगा असतो, एक माणूस, शहर, थोडे पूल असं धरून. तुमचं धरलेलं वेगळं असेल तरच तो तोडगा मोडा.

एक-दोन ग्रॅमच्या पुढं जाऊ नका. फार हलके केले तर रोलरमधला जोर पट्ट्याला पूर्ण वर चढवायला पुरत नाही, टॉप जातो, इंजिन साठला ओरडत राहतं आणि पट्टा तापतो. फार भारी केले की वर केलेलं 4000 चं गणित परत येतं. कुणी म्हणेल भारी रोलरनं टॉप वाढतो. पुलीत पट्टा जास्तीत जास्त कुठवर चढणार ते चकत्यांच्या आकारानं ठरतं. रेघेच्या चाचणीत पट्टा कडेला पोचत असेल तर भारी रोलर टाकून एक किलोमीटरही वाढणार नाही.

मधलं वजन मिळत नसेल तर तीन 13 चे आणि तीन 15 चे एकाआड एक लावता येतात, एकूण 84, म्हणजे सगळे 14 चे लावल्यासारखं. पण शेजारी शेजारी एकाच वजनाचे लावू नका, पुली डगमगते. रोलरचं माप आधी बघा: 16 × 13 किंवा 18 × 14 असं लिहिलेलं असतं, पहिला व्यास, दुसरी रुंदी, मिलिमीटरमध्ये. माप चुकलं तर वजन बरोबर असूनही काम बिघडतं. काढताना फोटो काढून ठेवा, कारण बऱ्याच रोलरची एक बाजू पूर्ण नायलॉननं झाकलेली असते आणि तिची दिशा ठरलेली असते. नवीन रोलर वजनकाट्यावर ठेवून घ्या, सोनाराकडचा छोटा काटा चालेल. पाकिटावर 13 लिहिलं म्हणून आत 13 असतंच असं नाही, एकाच पाकिटात फरक असलेले मी पाहिले आहेत. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

पुली लेथवर हलकी करायचा नाद

कॉलेजच्या पोरांत सध्या हे चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पुलीचं स्वतःचं वजन हे फिरत्या चाकासारखं आहे. ते हलकं केलं तर इंजिनला आरपीएम वाढवताना कमी कष्ट पडतात, हे खरं. पण किती? समजा 200 ग्रॅम धातू मध्यापासून सरासरी चार सेंटिमीटरवरून काढला. निघताना इंजिन आणि चाक यांच्यात एकूण फरक सुमारे 22 पट धरा आणि चाकाची त्रिज्या 21 सेंटिमीटर. हिशोब केला तर गाडीवरचं साडेतीन किलो ओझं उतरवल्याएवढा फायदा. वरच्या गिअरला तोच फायदा अर्ध्या किलोच्याही आत. पायाशी ठेवलेला पाण्याचा 20 लिटरचा जार घरी उतरवून आलात तर याच्या पाचपट फरक पडेल, आणि लेथचे पैसे वाचतील.

पण तोही फायदा फक्त आरपीएम वाढत असताना. गिअरलेस गाडीचा स्वभाव आठवा: निघाल्यावर आरपीएम एकदा वर जातो आणि मग जवळजवळ जागेवर राहतो, वाढतो तो वेग. आरपीएमच वाढत नसेल तर हलक्या पुलीला फायदा द्यायला जागाच नाही. आणि घाटात एकाच वेगानं चढताना तर फायदा शून्य. जिच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती चढावरची तक्रार पुली हलकी करून सुटूच शकत नाही.

धोका मात्र पूर्ण आहे. 8000 आरपीएमला साडेपाच सेंटिमीटर त्रिज्येच्या चकतीची कड ताशी 160 किलोमीटरच्या वर फिरते. त्या कडेवर एका ग्रॅमचा तोल बिघडला तर प्रत्येक फेऱ्याला चार किलो वजनाएवढा झटका क्रँकच्या बेअरिंगला बसतो. पातळ केलेल्या चकतीला तडा गेला तर ती कव्हर फोडून बाहेर येऊ शकते, आणि कव्हर तुमच्या पायाच्या शेजारी आहे. पंख्याच्या पात्या कापून "वजन कमी केलेल्या" गाड्याही येतात. त्यांचा पट्टा आधीच तापलेल्या हवेत थंड होत नाही, कडक होतो, चकाकतो आणि घसरायला लागतो. ज्यांची पुली आधीच घासून झालेली आहे त्यांनी ती काढून मूळ मापाची बसवावी, पुन्हा भर घालून दुरुस्त करता येत नाही.

शेवटी एक तपासणी, जी कव्हर उघडल्यावर सगळ्यात आधी करायची. डब्यात तेलाचा ओलावा दिसतो का बघा. क्रँकच्या मागं सील आहे, ते गळत असेल तर तेलाची बारीक फवार पुलीवर आणि पट्ट्यावर बसते. मागं गिअरबॉक्सच्या शाफ्टचं सील गळालं तर क्लचच्या बाजूला गिअर ऑईलचा वास येतो. अशा गाडीत कुठल्याही वजनाचे रोलर टाका, पट्टा घसरणारच. आधी सील, मग पट्टा, उतारांवरचं तेल ब्रेक क्लीनरनं पूर्ण उतरवणं, आणि त्यानंतरच रोलरकडं बघायचं.